पिंजऱ्यातली किटली

जुन्या बाजारात त्याला सगळे किटली म्हणत. माणूस चांगला उंचापुरा, पन्नाशी कधीच ओलांडलेला, मिशा पांढऱ्या, नखांत कायमचं ग्रीस. पण नाव पडलं ते पडलं. दर रविवारी सकाळी तो बाजाराच्या एका टोकापासून सुरुवात करायचा आणि जुन्या रेकॉर्डी विकणाऱ्या प्रत्येकापुढे उकिडवा बसून एकच प्रश्न विचारायचा, "पिंजऱ्यात किटली असलेलं कव्हर आलंय का हो?" विक्रेता नवा असला तर त्याला वाटायचं, गिऱ्हाईक सकाळी सकाळी थट्टा करतंय. जुन्यांना सवय झाली होती. तो दिसला की लांबूनच हात हलवायचे. "किटली नाही आली, चहा आलाय. चालेल?"

तो चहा प्यायचा, दोन-तीन रेकॉर्डी उचलायचा आणि पुढच्याकडे सरकायचा.

उरलेले सहा दिवस तो लिफ्ट दुरुस्त करायचा. गच्चीवरच्या मशीन रूममध्ये शिरून दोर तपासायचे, ब्रेकचं अंतर मोजायचं, तळातल्या खड्ड्यात उतरून साचलेला कचरा काढायचा, आणि कुणी अडकलं की धावत जायचं. या कामाचा एक फायदा होता. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला पहिला आवाज ऐकू येतो तो मेकॅनिकचा, आणि बाहेर आल्यावर तो माणूस मेकॅनिकला जन्माचा सोयरा समजतो. "या हो घरात, पाणी तरी घ्या." हा पाणी प्यायचा आणि भांडं खाली ठेवता ठेवता विचारायचा, "घरात जुन्या रेकॉर्डी आहेत का हो पडलेल्या?" नुकतीच सुटका झालेला माणूस नाही म्हणत नाही. माळ्यावरून, पलंगाखालून, कपाटाच्या मागून गठ्ठे निघायचे. साथीदार मेकॅनिक म्हणायचे, "हा लिफ्ट मुद्दाम अडकवत असणार."

घर तळमजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीच्या तीन भिंती रेकॉर्डींनी भरलेल्या. सगळ्या उभ्या ठेवलेल्या, कारण आडव्या रचल्या की खालच्या वाकतात. बायको म्हणायची, "आपल्याकडे पाहुणा आला तर त्यालाही उभंच ठेवावं लागेल. पाठ टेकायला भिंत कुठे राहिलीय?" ती हे हसत म्हणायची, पण चौथ्या भिंतीला तिने स्वतःचं कपाट लावून टाकलं होतं आणि त्या कपाटावर हात मारून दर महिन्याला सांगायची, "ही माझी हद्द."

गाण्यांचं त्याला फारसं वेड नव्हतं. त्याला वेड होतं कव्हरांचं, आणि त्यातही फसलेल्या, वेड्यावाकड्या, कुणाच्या डोक्यातून आली असतील असं वाटायला लावणाऱ्या कव्हरांचं. एका कव्हरवर सोफ्यावर गाय बसलेली आणि तिच्यापुढे गुडघे टेकून एक गृहस्थ अकॉर्डियन वाजवतोय. दुसऱ्यावर एकाच बाथटबमधून पाच भाऊ बाहेर डोकावताहेत, पाचही जणांच्या अंगात एकसारखे लोकरीचे स्वेटर. नाचाच्या गाण्यांच्या एका रेकॉर्डवर टक्कल पडलेला माणूस कोंबड्याला छातीशी धरून डोळे मिटून डोलतोय, आणि कोंबड्याचे डोळे मात्र इतके उघडे, की बघणाऱ्याला त्या कोंबड्याची दया यावी.

तो कोंबडा धरलेला माणूस कंपनीचा हिशेबनीस होता. ही गोष्ट किटलीला ठाऊक होती, कारण ती कंपनी याच शहरातली. छोटी रेकॉर्ड कंपनी, मालक चिकट. कव्हरसाठी मॉडेल बोलवायची म्हणजे त्याच्या पोटात दुखायचं. तो ऑफिसातल्याच कुणाला तरी उठवायचा, काहीतरी नेसवायचा आणि कॅमेऱ्यासमोर उभं करायचा. हिशेबनीस, ड्रायव्हर, रखवालदार, पॅकिंग खात्यातल्या मुली, सगळे आळीपाळीने कव्हरवर आले. रखवालदार एका रेकॉर्डवर राजा झालाय, दुसऱ्यावर डॉक्टर, तिसऱ्यावर बुडणारा खलाशी; तिन्ही ठिकाणी मिशी तीच. किटली ही कव्हरं चाळायला लागला की त्याला नातेवाइकांचा अल्बम बघितल्यासारखं वाटायचं. त्या कंपनीतला जवळजवळ प्रत्येक जण त्याच्या भिंतीवर होता.

एक सोडून. त्याची ताई.

ताई त्याच्याहून पुष्कळ मोठी. शाळा संपल्यावर ती त्या कंपनीत पॅकिंग खात्यात लागली होती. रेकॉर्ड कागदी पिशवीत घालायची, पिशवी कव्हरमध्ये, कव्हर खोक्यात. एकदा कंपनीने शिट्टीवर वाजवलेल्या गाण्यांची रेकॉर्ड काढली आणि मालकाच्या डोक्यात कल्पना आली, की शिट्टी कोण वाजवतं? पक्षी वाजवतो आणि किटली वाजवते. मग पक्ष्याच्या पिंजऱ्यात किटली का ठेवू नये? पिंजरा आला, किटली आली, आणि पॅकिंगमधल्या सगळ्यांत हसऱ्या मुलीला पिवळा रेनकोट घालून पिंजऱ्याशी उभं केलं. तळहातावर दाणे घेऊन ती किटलीला चारतेय, असं ते चित्र.

ताईने ते कव्हर घरी आणलं तेव्हा तो सात वर्षांचा होता. आईने पदर तोंडाला लावून हसू दाबलं होतं. वडील मात्र ऑफिसातूनच सगळं ऐकून आले होते. तिथे कुणीतरी ते कव्हर टेबलाटेबलावर फिरवलं होतं. "साहेब, तुमची कन्या किटलीला दाणे घालते म्हणे! अंडी कधी देणार?" वडील दुष्ट नव्हते. पण चारचौघांत हसू झालेलं त्यांना सोसायचं नाही, आणि त्या दिवशी अख्खं ऑफिस हसलं होतं. घरी येऊन ते ओरडले नाहीत. त्यांनी कव्हर घेऊन त्याचे तुकडे केले. ताई उलट बोलली. वडील बोलले. मग दोघंही असं काही बोलली, की परत घेता येईना. आठवड्याभरात ताई कंपनीच्या दुसऱ्या गावच्या कचेरीत बदली मागून निघून गेली. ती गेल्यावर वडिलांनी घरातले फोटो काढले. राग आला की माणूस फाडतो. यांनी कात्रीने कापले. प्रत्येक फोटोतून ताईचं डोकं गोल, सुबक कापून काढलं आणि बाकीचे फोटो पुन्हा जागच्या जागी ठेवले.

वर्ष उलटायच्या आत ताई तिकडेच तापाने गेली. निरोप पोचेपर्यंत सगळं उरकलंही होतं.

शिट्टीची रेकॉर्ड जवळजवळ कुणीच विकत घेतली नाही. परत आलेल्या रेकॉर्डी वितळवून त्यांच्यातून कंपनीने दुसऱ्या काढल्या, कव्हरं लगद्यात गेली, आणि पुढे कंपनीही बसली.

वडील होते तोवर आईने तिचं नाव काढलं नाही. ते गेल्यावर काढायला लागली, आधी चोरून, मग उघड. पुढे तिची स्मृती विरायला लागली. दूध तापत ठेवलंय हे विसरायची, सुनेला कधी बहिणीच्या तर कधी शेजारणीच्या नावाने हाक मारायची. डॉक्टरांनी सांगितलं, की हे आता असंच कमी होत जाणार, यावर औषध नाही. पण या सगळ्या पडझडीत तिला एकच गोष्ट खुपायची. खिडकीशी बसल्या बसल्या म्हणायची, "तिचा चेहरा येत नाही रे डोळ्यांपुढे. डोळे मिटले की वेणी दिसते, पाठ दिसते. वळतच नाही मेली."

आणि मुलाकडे बघायची. "तुला तरी आठवतो का?"

त्याला आठवत नव्हता. तो ताईच्या कडेवर वाढला होता, तिच्या हाताने जेवला होता. पण ताई म्हटलं की त्याला किटली आठवायची. पिंजऱ्याच्या तारा, किटलीची वाकडी चोच, खाली सांडलेले दाणे, हे सगळं लख्ख. पिवळ्या रेनकोटची कॉलर आठवायची. कॉलरीच्या वर काहीच नाही. सात वर्षांच्या मुलासमोर पिंजऱ्यात किटली ठेवली तर तो चेहरा कशाला बघेल?

म्हणून तो रविवारी बाजारात जायचा. बाकीची कव्हरं वाटेत भेटली, आवडली, घरी आली. पण पाय घरातून निघायचे ते या एकाच कव्हरसाठी: आईचे डोळे आणि डोकं शाबूत आहे तोवर तिला एकदा तो चेहरा दाखवायचा. मग काय व्हायचं ते होवो.

*

फोन आला तेव्हा तो एका इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उभा होता. फोन सुईचा. सुई म्हणजे बाजारातला सगळ्यांत जुना रेकॉर्डवाला. अंगाने सुईसारखा, आणि खराब रेकॉर्डवर अडकावं तसा प्रत्येक वाक्य दोनदा म्हणणारा.

"आली," सुई म्हणाला. "आली."

"कोण आली?"

"अरे कोण काय? किटली! किटली!"

"सुई, मी खड्ड्यात उभा आहे. थट्टा नंतर कर."

"आईशपथ. आईशपथ."

त्याने आजवर एकही काम अर्धवट टाकलं नव्हतं. त्या दिवशी त्याने 'लिफ्ट बंद आहे' ही पाटी तळमजल्यावर अडकवली, हात फडक्याला पुसले आणि निघाला. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी कठड्यावरून विचारलं, "अहो, किती वेळ लागेल?" तेव्हा त्याच्या तोंडून निघालं, "मला आयुष्य लागलं."

सुईने कव्हर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलं होतं. एरवी सुई माल दाखवताना अंगात आल्यासारखा बोलायचा. आज त्याने नुसतं पुडकं पुढे सरकवलं. वर्तमानपत्र उलगडलं. पिंजरा होता. किटली होती. चोच वाकडी, आठवणीत होती तशीच. दाणे होते, पिवळा रेनकोट होता, कॉलर होती. आणि कॉलरीच्या वर, हनुवटीपासून केसांपर्यंत, एक मोठा चौकोनी नारिंगी स्टिकर होता. स्टिकरवर सुईच्याच दुकानाचं नाव होतं.

किटलीने स्टिकरवरच्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "हे तुझं?"

"माझंच. माझंच. तेव्हा मी नवा होतो रे. जो माल यायचा त्याला स्टिकर मारायचो. तू तेव्हा बाजारात यायचाही नाहीस. एका मास्तराला विकली होती, आता त्याचं घर रिकामं केलं आणि फिरून माझ्याचकडे आली."

"पण चेहऱ्यावर? एवढी जागा होती कव्हरवर, चेहऱ्यावरच का?"

सुईने मान खाली घातली. "किटली झाकली असती तर रेकॉर्ड घेतली असती का कुणी?"

"आणि चेहरा झाकलेला चालतो?"

"चेहरे काय," सुई पुटपुटला, "चेहरे सगळ्याच कव्हरांवर असतात. सगळ्याच."

यावर भांडायलाही काही नव्हतं. चूक सुईची होती, पण ती त्याने धंद्याच्या दृष्टीने अगदी विचार करून केली होती.

निघताना सुईने त्याचं मनगट धरलं. "हात लावू नकोस. त्या वेळचा डिंक फार जहाल होता. जुनी पुस्तकं दुरुस्त करतो तो बाइंडर आहे ना, त्याच्याकडे दे. वाफेवर काढतो. महिना घेईल, पण काढेल."

"बघतो," किटली म्हणाला.

*

घरी आल्यावर त्याने आधी रेकॉर्ड लावली. ती वाकलेली होती, त्यामुळे शिट्टी वर जायची, खाली यायची, मधेच लांबायची. आई खिडकीशी बसली होती. थोडा वेळ ऐकून ती वैतागली. "अगं, किटली वाजतेय केव्हाची. उतरवा कुणीतरी!"

बायकोला हसू फुटलं. नवऱ्याकडे बघून तिने ते आवरलं.

मग त्याने कव्हर आईच्या मांडीवर ठेवलं. आईने दोन्ही हातांनी ते धरलं. पिंजऱ्यावरून बोट फिरवलं, किटलीवरून फिरवलं आणि एकदम तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. "तिने आणलं होतं. मी हसले होते." मग बोट वर सरकलं आणि स्टिकरवर थांबलं. "हे काय?"

"दुकानदाराचा कागद आहे, आई."

"ह्याच्या खाली आहे ती?"

"हो."

"मग काढ की!" म्हणत तिने नखाने स्टिकरचा कोपरा खरवडायला सुरुवात केली. त्याने घाईघाईने कव्हर काढून घेतलं. लहान मुलीच्या हातचं खेळणं काढून घ्यावं तशी ती त्याच्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पहिला प्रश्न विचारला, "काढलास कागद?"

 सकाळी काय खाल्लं हे दुपारी न आठवणारी आई रात्र ओलांडून ही गोष्ट घेऊन आली होती. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या दिवशी सुनेला म्हणाली, "ह्याला सांग, मी वाट बघतेय." हे कुठवर टिकेल, कुणी सांगावं? बाइंडर महिना घेणार. महिन्यानंतर चेहरा मिळेल, पण तो कुणाचा हे ओळखणारं कुणी उरलं नसेल तर?

"द्या ना बाइंडरकडे," बायको म्हणाली. "आईंचं बघू आपण."

"त्याने माझ्याहून जास्त स्टिकर काढलेत का?"

"तसं नव्हे हो. तुमचा जीव गुंतलाय यात. हात थरथरेल."

"माझा हात ब्रेकवर थरथरला असता तर आतापर्यंत माणसं मेली असती."

 आणि तो बोलला ते खोटंही नव्हतं. जुन्या कव्हरांवरचे स्टिकर काढणं ही त्याची खासियत होती. बाजारातले लोक त्याच्याकडे कव्हरं आणून द्यायचे. पद्धत त्याची स्वतःची होती. लायटरमध्ये घालतात ते पेट्रोल थेंबाथेंबाने स्टिकरच्या कडेने सोडायचं, ते डिंकात मुरू द्यायचं, आणि मग ब्रेकचं अंतर मोजायला जो पोलादी पात्यांचा जुडगा असतो, त्यातलं केसाहून पातळ पातं आत सरकवायचं. गुळगुळीत प्लॅस्टिकचा थर चढवलेल्या कव्हरवर पेट्रोलचा डागही राहत नाही.

रविवारी सकाळी तो बाजारात गेला नाही. खिडकीतून स्वच्छ उजेड येत होता. त्याने टेबल पुसलं, हात धुतले, नखं घासली, कव्हर टेबलावर ठेवलं. पृष्ठभाग तिरका धरून पाहिला: चकाकत होता, म्हणजे प्लॅस्टिकचा थर आहे. तरी त्याने घाई केली नाही. कव्हरच्या खालच्या कोपऱ्यात मास्तरांनी लावलेली छोटी चिठ्ठी होती; आधी तिच्यावर करून पाहिलं. चिठ्ठी अलगद सुटली, खाली रंग जसाच्या तसा. बायको दारात उभी होती. तिच्याकडे बघून त्याने मान हलवली. बघितलंस?

मग त्याने चेहऱ्याला हात घातला.

पेट्रोल मुरलं. पातं आत गेलं. कुठे अडलं नाही, कुठे ओढ लागली नाही. इतकं सुरेख काम त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं. स्टिकरची एक बाजू उचलली, दुसरी उचलली, आणि अखंड स्टिकर, एकही सुरकुती न पडता, त्याच्या चिमटीत आला.

खाली पांढरं होतं.

आधी त्याला वाटलं, डिंक राहिलाय. बोट लावून पाहिलं. तो डिंक नव्हता, पुठ्ठा होता. खरखरीत, कोरा पुठ्ठा. पिवळ्या कॉलरीतून एक पांढरा चौकोन वर आला होता.

काय झालं ते समजायला त्याला वेळ लागला नाही. तेवढा तो जाणता होता. चिकट मालकाने या कव्हरवर प्लॅस्टिकचा थर चढवलाच नव्हता. साधा छापील कागद पुठ्ठ्यावर डकवला होता. चकाकी मास्तरांची. त्यांनी हौसेने कव्हरला फर्निचरचं पॉलिश चोळलं होतं, पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षं. कोपऱ्यातली चिठ्ठी त्या पॉलिशवर लावलेली, म्हणून ती सुटली. सुईचा स्टिकर त्याच्या आधीचा. त्याच्या खाली पॉलिश पोचलंच नव्हतं. तिथे उघडा कागद होता, आणि इतक्या वर्षांत डिंक त्या कागदात पुरता शिरून बसला होता; पातं गेलं ते स्टिकरच्या नव्हे, कागदाच्याच खालून. ज्याला यातलं काहीच कळत नाही, त्याने कव्हर मुकाट बाइंडरला दिलं असतं. ही चूक करायला त्याच्याइतकीच कव्हरं हाताळलेला माणूस लागत होता.

त्याने स्टिकर उलटा केला. पाठीलाही पांढरं. चेहरा नष्ट झाला नव्हता, हे सगळ्यांत वाईट होतं. तो तिथेच होता, स्टिकर आणि कागद यांच्या मधे, डिंकात, स्टिकरकडे तोंड करून. या बाजूने पाहिलं तर कागदाची पाठ, त्या बाजूने पाहिलं तर सुईच्या दुकानाचं नाव. त्याने तो तुकडा खिडकीच्या उजेडावर धरला. नारिंगी रंगात दुकानाची उलटी अक्षरं दिसली आणि त्यांच्या मागे एक करडा डाग. डागाला नाक होतं की नाही, हेही सांगता येईना.

बायको जवळ आली. तिने खांद्यावर हात ठेवला. "पाण्यात भिजवून बघायचं का?"

"शाई विरघळेल."

"मग बाइंडर..."

"आता नाही होत," तो म्हणाला. "आता कुणाकडूनच नाही होत."

तरी सोमवारी तो तुकडा घेऊन बाइंडरकडे जाऊन आला. बाइंडरने भिंगातून पाहिलं, तुकडा परत त्याच्या हातात ठेवला आणि फार मऊपणे विचारलं, "आधी का नाही आलात?"

*

आई विचारत राहिली. सकाळी विचारायची, दुपारी विचारायची. "काढलास कागद?" तो म्हणायचा, "अजून नाही, आई. नाजूक काम आहे." दरवेळी तो 'अजून' म्हणायचा आणि दरवेळी बायको दुसरीकडे बघायची.

शेवटी तिनेच एक दिवस स्वयंपाकघरात हळूच म्हटलं, "एक सांगू? रागावू नका. त्याच कंपनीच्या दुसऱ्या कुठल्या मुलीचं कव्हर दाखवा. आईंना समाधान मिळेल. आणि तुम्हालाही ताईंचा चेहरा कुठे आठवतोय? खोटं म्हणायला खरं माहीत असावं लागतं."

दोन दिवस तो भिंतीवरची कव्हरं नुसती चाळत राहिला. तिसऱ्या दिवशी भिंतीतून एक कव्हर काढलं. पॅकिंग खात्यातलीच एक मुलगी, टबात गिटार घालून तिला साबण लावतेय. वय तेवढंच, वेणी तशीच, हसरी. ताईची मैत्रीणही असेल. तो आईजवळ स्टूल घेऊन बसला आणि कव्हर तिच्या हातात दिलं.

"काढला बरं का कागद," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

आईने कव्हर डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं. बराच वेळ पाहिलं. 

"छान आहे मुलगी," आई म्हणाली. "कुणाची?"

"आई, ताई ना ही."

आईने त्याच्याकडे पाहिलं. गेल्या कित्येक महिन्यांत तिची नजर इतकी स्वच्छ नव्हती. "ही नव्हे रे."

"नीट बघ तरी."

"बघितलं. ही नव्हे." तिने कव्हर त्याच्या मांडीवर ठेवलं. "मला आठवत नाही म्हणून काय कुणालाही माझी म्हणायचं?"

तो उठला. कव्हर जागेवर नेऊन ठेवताना ते दोनदा चुकीच्या फटीत गेलं. म्हणजे चेहरा आईजवळ होता. तिच्या आत कुठेतरी तो पक्का होता, एवढा पक्का, की परकी मुलगी तिने तत्काळ बाजूला केली. फक्त तो तिला दिसत नव्हता. आणि तिला तो दाखवू शकेल अशी जगातली एकुलती एक वस्तू मुलाने दुरुस्त करायला घेतली होती.

त्यानंतर तो बाजारात जायचा बंद झाला. सुई एकदा घरी येऊन गेला, दारातच उभा राहिला, म्हणाला, "दुसरी मिळेल, दुसरी मिळेल." दोघांनाही माहीत होतं, की मिळणार नाही. आत ये म्हणून कुणी म्हटलं नाही आणि तोही आला नाही. कामावर तो पूर्वीसारखाच नीट काम करायचा. पण अडकलेल्यांना बाहेर काढल्यावर कुणी पाणी विचारलं तर नको म्हणून जिना उतरायला लागायचा.

आईच्या तोंडचा तो प्रश्न काही महिने टिकला. मग एका दिवशी ती विचारायची विसरली. दुसऱ्या दिवशी विचारलं, पण कागद कसला हे तिलाच सांगता येईना. मग किटली गेली. मग वेणीही गेली. घरात एकाएकी शांत झालं. बायकोला मनातून सुटल्यासारखं वाटलं असणार, आणि तिला दोष देता येत नव्हता.

त्यालाच ते सहन होईना. इतके दिवस तो प्रश्न नको नकोसा झाला होता, आता त्याच्याच वाटेवर कान लागायचे. एका दुपारी तो आईच्या खुर्चीजवळ बसला आणि तिने न विचारताच म्हणाला, "आई, नाही मिळाला अजून."

आईने खिडकीबाहेरची नजर त्याच्याकडे वळवली. "काय?"

"ताईचा चेहरा."

"कुणाची ताई?"

"माझी," तो म्हणाला.

आईने थोडा विचार केला. समोर बसलेला हा पांढऱ्या मिशांचा माणूस कुठल्या तरी अडचणीत आहे, एवढं तिला कळलं असावं. तिने पुढे वाकून त्याच्या हातावर दोनदा थोपटलं.

"शोधा हो," ती म्हणाली. "मिळेल."